दुसऱ्या खुर्चीवरचा माणूस

(द्वितीय वर्ष, कला)

'स्विच' म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे भिंतीवरचे दिव्याचे बटण येते. संगणकांच्या जगात मात्र ह्याच नावाची एक अगदी वेगळी वस्तू असते. कार्यालयातील, बँकेतील किंवा रुग्णालयातील शेकडो संगणकांच्या तारा जिथे येऊन मिळतात आणि एकाचा निरोप दुसऱ्यापर्यंत बिनचूक पोहोचवण्याचे काम जी पेटी करते, तिला 'नेटवर्क स्विच' म्हणतात. बँकेत पैसे काढायला गेल्यावर खिडकीतून 'लिंक नाही, उद्या या' असे उत्तर मिळते, तेव्हा त्या 'लिंक'च्या वाटेवर कुठे ना कुठे अशी पेटी असतेच. वरंधहून एस.टी.चे भाडे आणि अर्धा दिवस खर्चून हे उत्तर ऐकलेली माणसे आमच्या गावात पुष्कळ आहेत. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

तरीही कला शाखेच्या विद्यार्थिनीने ह्यात का शिरावे, असे कुणी म्हणेल. माझा मामेभाऊ पदविका घेऊन नवी मुंबईत अशाच पेट्यांची देखभाल करतो. गेल्या दिवाळीत तो घरी आला तेव्हा त्याच्या पिशवीत एक जाडजूड इंग्रजी मार्गदर्शिका होती. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. त्यामुळे इंग्रजी पुस्तक दिसले की ते मला वाचता आलेच पाहिजे अशी घरच्यांची समजूत आहे. शब्दकोश घेऊन बसले. पहिलाच शब्द अडला तो 'रिडंडन्सी'. कोशात अर्थ सापडला : अनावश्यकता, पुनरुक्ती. मराठीच्या तासाला पुनरुक्ती हा निबंधातला दोष असतो, त्याचे गुण कापले जातात. इथे तर हाच दोष लाखो रुपये मोजून मुद्दाम विकत घेतात! मग मात्र मला पुस्तक खाली ठेववेना.

मोठा स्विच म्हणजे एक लोखंडी सांगाडा. त्यात कपाटाला असावेत तसे खण असतात आणि प्रत्येक खणात एकेक फळी, म्हणजे 'मॉड्यूल', सरकवायचे. सिस्को ह्या अमेरिकन कंपनीने १९९९ साली आणलेली 'कॅटॅलिस्ट ६५००' ही मालिका ह्या जातीत फार गाजली. तिच्यातल्या ६५०९ ह्या पेटीला नऊ खण होते. आज तिची जागा नव्या मालिकांनी घेतली आहे, परंतु समजून घ्यायला तीच सोयीची. बहुतेक मॉड्यूलांवर तारा खोचायची तोंडे, म्हणजे पोर्ट, असतात. एकेका मॉड्यूलवर ४८ सुद्धा. एक मॉड्यूल मात्र वेगळे. त्याला 'सुपरवायझर' म्हणतात.

हे सुपरवायझर करते काय? आपल्या महाडच्या एस.टी. स्थानकाचे चित्र डोळ्यांपुढे आणा. फलाट म्हणजे पोर्ट. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या म्हणजे माहितीची पाकिटे. आणि खिडकीमागे ध्वनिक्षेपक घेऊन बसलेले वाहतूक नियंत्रक म्हणजे सुपरवायझर. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागते, कुठला मार्ग खुला आहे, कुठला बंद, ही सगळी नोंद त्यांच्यापुढच्या वहीत. पुण्याला जायचे तर आमच्या वरंधा घाटातून भोरमार्गे. पावसाळ्यात घाट बंद झाला की माणगावला जाऊन ताम्हिणीतून. हा बदल माहीत असणे आणि तो वेळेवर वहीत चढवणे, हेच नियंत्रकाचे खरे काम. सुपरवायझरही असेच करते. कोणता संगणक कोणत्या पोर्टामागे आहे ह्याचे एक कोष्टक ते ठेवते, दूरच्या गावांना जाणाऱ्या वाटांचे दुसरे ठेवते, आणि शेजारच्या स्विचांशी बोलून दोन्ही ताजी राखते.

आता नियंत्रकांना अचानक चक्कर आली तर? म्हणून मोठ्या स्विचमध्ये सुपरवायझरसाठी दोन खण असतात. एकातला कामावर, दुसऱ्यातला राखीव. विकत घेणाऱ्याला वाटते, दोन घेतले, काळजी मिटली. दादाचे म्हणणे असे की खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो : पहिला खाली पडला त्या क्षणी दुसऱ्याला काय काय माहीत होते? ह्या एका प्रश्नाच्या तीन उत्तरांना तीन नावे आहेत.

पहिले उत्तर, आर.पी.आर. ह्यात राखीव नियंत्रक स्थानकात असतो खरा, पण विश्रांतीगृहात आडवा झालेला. विजेचा पुरवठा त्याला आहे, अर्धवट जागाही आहे. पण पूर्ण तयारी केलेली नाही. साठवून ठेवलेल्या लेखी सूचनांची एक प्रत तेवढी त्याच्या उशाशी असते. हाक आली की त्याने उठायचे, गणवेश चढवायचा, सूचना वाचायच्या, आणि मग स्थानकातल्या झाडून सगळ्या गाड्यांची इंजिने बंद करून पुन्हा सुरू करायला लावायची. कारण कुठली गाडी कुठल्या स्थितीत आहे हे त्याला ठाऊकच नाही. सगळी मॉड्यूले बंद होऊन नव्याने चालू होतात. कंपनीच्या मार्गदर्शिकेत ६५०० साठी ह्याला २ ते ४ मिनिटे लागतात असे दिले आहे. चार मिनिटांत काय मोठेसे बिघडते, असे मलाही वाटले होते. दादाने एवढेच विचारले, "शस्त्रक्रिया चालू असताना चार मिनिटे दिवे गेले तर?"

दुसरे उत्तर, आर.पी.आर. प्लस. ह्यात राखीव माणूस गणवेश घालून खोलीतच बसलेला आहे. पूर्ण जागा, आणि नुकत्याच बदललेल्या सूचनाही त्याच्यापर्यंत पोहोचलेल्या. गाड्या बंद-चालू कराव्या लागत नाहीत. परंतु चालू वहीत पहिल्याने काय लिहिले होते ते त्याने पाहिलेले नसते. कुठल्या फलाटावर कुठली गाडी उभी, कुठला मार्ग आत्ता बंद, हे त्याला पुन्हा विचारून घ्यावे लागते. म्हणून वेळ ३० सेकंद ते १ मिनिट. हे ३० सेकंद कुठून आले ह्याचा मला एक खुलासा सापडला. स्विच एकमेकांना वर्तुळात जोडले गेले तर एकच पाकीट त्यात गरगर फिरत राहते आणि सगळे जाळे गुदमरते. ते टाळण्यासाठी 'स्पॅनिंग ट्री' नावाचा नियम आहे. त्याच्या मूळ रूपात, पोर्ट उघडण्यापूर्वी १५ सेकंद नुसते ऐकायचे आणि १५ सेकंद शिकायचे, असा दंडक आहे. नव्या माणसाने सुरुवात पहिल्यापासून केली की ही ३० सेकंदे त्याला चुकत नाहीत.

तिसरे उत्तर, एस.एस.ओ. हे सर्वांत सुंदर आहे. इथे दुसरा नियंत्रक पहिल्याच्या कोपराला कोपर लावून बसतो आणि त्याच्यापुढे तशीच दुसरी वही असते. सुरुवातीला संपूर्ण वही उतरवून घ्यायची. ती उतरवून होईपर्यंत कुणालाही नवी सूचना देता येत नाही. त्यानंतर पहिला जी ओळ लिहील तीच ओळ त्याच घडीला दुसऱ्यानेही लिहायची. पोर्ट उघडा की बंद, कोणता संगणक कुठे, स्पॅनिंग ट्रीची अवस्था, पाकिटे पुढे टाकण्याची कोष्टके, सगळे. पहिला कोसळला की दुसरा ध्वनिक्षेपक उचलतो. ० ते ३ सेकंद. फलाटावरच्या प्रवाशाला आवाज बदलला एवढेच कळावे!

मार्गदर्शिकेचे हे पान मी तीनदा वाचले. तिन्ही पद्धतींत माणसे दोनच आहेत, खुर्च्या दोनच, त्यांची किंमतही तीच. फरक पडला तो दुसऱ्याला किती सांगून ठेवले ह्याने. आणि सतत सांगत राहणे हे फुकटचे काम नाही. त्यासाठी दोघेही एकाच जातीचे सुपरवायझर लागतात आणि दोघांच्या अंगी एकाच आवृत्तीची संगणक-प्रणाली असावी लागते. भाषाच वेगळी असेल तर वही कशी उतरवणार?

ह्या शेवटच्या अटीत एक खोच आहे. दोघांच्या आवृत्त्या जुळल्या नाहीत तर पेटी निमूटपणे खालच्या पायरीवर, म्हणजे आर.पी.आर.वर, येते. कागदावर 'एस.एस.ओ.' लिहिलेले, प्रत्यक्षात मात्र राखीव माणूस झोपलेला! एखादे मॉड्यूल बिघडले, घाईत दुसरे आणून बसवले, हिरवा दिवा लागला की सगळे खूश होऊन घरी जातात. म्हणून दादा दिव्यावर विश्वास ठेवत नाही. तो 'शो रिडंडन्सी स्टेट्स' ही आज्ञा देतो. उत्तरात ठरवलेली पद्धत आणि प्रत्यक्ष चालू असलेली पद्धत अशा दोन वेगळ्या ओळी येतात. कामावर असलेल्याचा आकडा १३ आणि राखीवाचा ८ दिसला, म्हणजे दुसरा जागा आहे आणि वही पुरी आहे. ४ दिसला तर समजायचे, विश्रांतीगृहात घोरतो आहे. आकड्यांमागे माणसे दिसू लागली तेव्हापासून मला हा विषय आवडू लागला, हे सांगायला हरकत नाही.

एस.एस.ओ.मध्येही एक गोष्ट वहीत उतरत नाही, ती म्हणजे शेजाऱ्यांशी असलेला परिचय. पोलादपूर आणि माणगावचे नियंत्रक महाडला अधूनमधून 'आहात ना?' असे विचारत असतात असे समजा. ओ.एस.पी.एफ. नावाच्या पद्धतीत सामान्यतः दर १० सेकंदांनी असा 'हॅलो' जातो आणि ४० सेकंद काहीच ऐकू आले नाही तर शेजारी ती ओळख मोडीत काढतो. खुर्चीवर नवा माणूस आला की त्याचा शेजाऱ्यांशी परिचय पहिल्यापासून सुरू होतो. तेवढ्यात त्यांनी महाडचा मार्ग बंद धरून गाड्या वळवल्या तर एवढी चपळाई फुकट. ह्यावर उपाय म्हणून एन.एस.एफ. नावाची जोड दिली जाते. नवा माणूस शेजाऱ्यांना सांगतो : माझी स्मृती नवी आहे, पण जुन्या वहीप्रमाणे गाड्या सोडणे चालू आहे, मला गेलो असे धरू नका, मार्ग तेवढे पुन्हा सांगा. शेजाऱ्यांना ही बोली समजत असेल तरच ह्याचा उपयोग. म्हणजे आपली तयारी कितीही असो, काही भाग शेजाऱ्यांच्या समजुतीवर राहतोच.

आतापर्यंत आपण 'पहिला पडला की दुसरा उठतो' असे सहज म्हणत आलो. पण पहिला पडला हे कळते कसे? महाडच्या माणसाला हा प्रश्न पुस्तकातून शिकवावा लागत नाही. मुंबई–गोवा महामार्गावर सावित्री नदीवर दोन पूल होते. १९२८ सालचा ब्रिटिशकालीन दगडी पूल आणि त्याच्या शेजारी, हाकेच्या अंतरावर, नवा पूल. मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या जुन्यावरून आणि गोव्याकडे जाणाऱ्या नव्यावरून, अशी वाटणी होती. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुराच्या पाण्यात जुना पूल वाहून गेला. नवा पूल जागच्या जागी उभा होता, आणि पुढे वाहतूक त्याच्यावरूनच चालू झाली. तरीही त्या अंधाऱ्या रात्री जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली ह्या दोन एस.टी. गाड्या आणि आणखी वाहने सावित्रीच्या पात्रात गेली. दुसरा पूल शेजारी होता. पहिला नाही हे चालकांना सांगणारे कुणी नव्हते. जवळच राहणाऱ्या एका माणसाच्या लक्षात आले आणि त्याने पुढच्या गाड्या थांबवल्या, म्हणून संख्या तिथे थांबली. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ रोजी खुला झाला. ह्या घटनेविषयी आमच्या भागात कुणी हलक्या आवाजात बोलत नाही की मोठ्याही नाही. मी ती इथे लिहिली ती फक्त एवढ्यासाठी की 'पर्याय उपलब्ध होता' ह्या शब्दांनी काहीच सांगितले जात नाही.

पेटीतले दोन सुपरवायझर म्हणूनच एकमेकांना सतत खूण देत असतात. त्याला नाडीचे ठोके म्हणावे. ठोके थांबले की राखीवाने कारभार हाती घ्यायचा. पण ह्यातही एक मोठी अडचण आहे. ठोका ऐकू येत नाही ह्याचे कारण दोन प्रकारचे असू शकते : समोरचा गेला, किंवा मधली तार तुटली.

२२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड बुडाले, रस्ते तुटले, आणि तालुक्यात फोन बंद पडले. मी तेव्हा शाळेत होते. मुंबईत माझे मामा रात्रभर आमच्या घरचा क्रमांक फिरवीत होते. आम्ही वरंधला सुखरूप होतो, माळ्यावर भिजलेली लाकडे पसरत होतो. त्याच संध्याकाळी आपल्याच तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला होता आणि ८० हून अधिक माणसे गेली होती. मुंबईला बसून ऐकणाऱ्याला दोन्ही गावांची शांतता अगदी सारखीच. मामा अजून म्हणतात, "त्या रात्री तुम्ही आहात की नाही, ह्याची दोन्ही उत्तरं खरी वाटत होती."

यंत्रांच्या बाबतीत ह्या गोंधळाला दुहेरी अंमल म्हणता येईल. पुढच्या काळात दोन वेगळ्या पेट्या जोडून त्यांचा एकच स्विच बनवण्याची रीत आली. एका पेटीत कामावरचा सुपरवायझर, दुसऱ्या पेटीत राखीव. एक पेटीच्या पेटी जळाली तरी काम चालावे हा हेतू चांगला. पण दोघांमधली तार तुटली की राखीवाला वाटते पहिला गेला, आणि तो कारभार घेतो. पहिला तर जिवंतच आहे! आता एकाच नावाने आणि एकाच पत्त्याने दोघेही आज्ञा देऊ लागतात. एका स्थानकात दोन नियंत्रक दोन ध्वनिक्षेपकांवरून दोन वेगळे फलाट पुकारू लागले तर जे होईल तेच इथे होते. म्हणून मुख्य तारेखेरीज तिसरी एक वाट नुसती 'तू आहेस का?' हे विचारायला राखून ठेवतात. दोघेही जिवंत असल्याचे कळले की एकाने आपले पोर्ट बंद करून मुकाट्याने बाजूला व्हायचे.

हा सगळा विचार पेटीबाहेर, मोठ्या प्रमाणावर, कसा लागू पडतो ह्याचे उदाहरण मुंबईतच घडले आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी, बुधवारी, राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबवावे लागले आणि दुपारी ३ वाजून ४५ मिनिटांनी पुन्हा सुरू झाले. बाजाराने दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून तारा घेतल्या होत्या, ह्याच पुनरुक्तीच्या हेतूने. पण दोघांच्याही तारांत एकाच वेळी अडथळा आला. रस्त्यावरच्या खोदकामामुळे असे झाल्याचे पुढे सांगण्यात आले. त्यातून माहितीच्या साठवणीची यंत्रणा बिघडली, जोखमीवर लक्ष ठेवणारी प्रणाली बंद पडली, आणि तिच्यावाचून व्यवहार चालवणे बरोबर नव्हते. वेगळ्या नावांची दोन देयके येतात म्हणून तारा दोन आहेत असे धरता येत नाही, हे ह्यातून दिसले. एका पेटीतल्या दोन सुपरवायझरांचेही तसेच आहे. त्यांचा सांगाडा एकच. प्रणालीतला दोषही दोघांत सारखाच. आणि चुकीची आज्ञा दिली तर एस.एस.ओ. ती दुसऱ्या वहीतही तितक्याच इमानाने उतरवते.

बाजाराकडे अशा वेळेसाठी दुसऱ्या ठिकाणी पर्यायी केंद्रही होते. मग तिकडे काम का हलवले नाही, असा प्रश्न सेबी ह्या नियामक संस्थेने विचारला. त्याच वर्षी मार्चमध्ये तिने नियम कडक केले : महत्त्वाच्या यंत्रणेत बिघाड झाला की ३० मिनिटांत 'आपत्ती' जाहीर करायची आणि तिथून ४५ मिनिटांत पर्यायी ठिकाणाहून काम पूर्ववत करायचे. मला ह्यातला पहिला आकडा अधिक बोलका वाटतो. यंत्राला हलायला वेळ लागतो तो लागतोच. पण 'आता हलायचे' हे म्हणायला माणसे जो वेळ लावतात, त्यालाही मर्यादा घालावी लागली. पुढे २ मार्च २०२४ आणि १८ मे २०२४ ह्या दोन शनिवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, बाजार मुद्दाम उघडून पर्यायी केंद्रावरून प्रत्यक्ष व्यवहार करून पाहण्यात आले.

दादाच्या कामातही असा दिवस असतो, किंबहुना रात्र. ठरलेल्या रात्री, वापर कमीत कमी असताना, तो 'रिडंडन्सी फोर्स-स्विचओव्हर' ही आज्ञा देतो. धडधाकट असलेल्या सुपरवायझरला आपल्या हातांनी खुर्चीवरून उठवायचे आणि दुसरा बसतो का ते पाहायचे. पहिल्यांदा हे करताना त्याचे हात थरथरले होते, असे तो सांगतो. साहेब म्हणतात, चालते आहे त्याला हात का लावता? ह्यावर दादा त्यांना विचारतो की मग बंद कधी पाडायचे, गर्दीच्या वेळी का? पडद्यावर दुसऱ्या गावाला सारखी साद घालणारी ओळ चालू असते. एखाददुसरी साद हुकते आणि उत्तरे पुन्हा येऊ लागतात.

पण तेवढ्यावर तो उठत नाही. उठवलेला पहिला आता नव्याने सुरू होत असतो, आणि तो सुरू होऊन संपूर्ण वही उतरवून घेईपर्यंत काही मिनिटे ती एवढी मोठी पेटी एकाच माणसाच्या भरवशावर असते. दादा चहा समोर घेऊन बसून राहतो आणि थोड्या थोड्या वेळाने तीच आज्ञा पुन्हा देतो. समोरच्या ओळीत राखीवाचा आकडा ८ आला, की मग थंड झालेला चहा पितो.